तिसऱ्या चौकटीखाली

पन्नाशीला टेकल्यावर मी स्टोरीबोर्ड शिकायला लागलो. सिनेमा चित्रित करण्याआधी त्यातला प्रसंग चौकटी-चौकटींत काढून ठेवतात, ते काम. तंजावुरात जुन्या बसस्टँडजवळ, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत वर्ग चाले. शिकवणारा माझ्या निम्म्या वयाचा, चेन्नईत काम करून परतलेला. मला अंकल म्हणे आणि माझे कागद दोन बोटांनी उचले. सगळी माणसे दारात उभे राहून बघितल्यासारखी काढता, असे तो सगळ्यांदेखत तमिळमध्ये म्हणाला. "भीती वाटते का, अंकल? जवळ जा." घरातले एक जेवण सहा चौकटींत काढून आणायचे होते. जमले तर तो मला एका लघुपटाच्या कामात घेणार होता.

मी जवळ गेलो.

आमच्या घरात जेवण म्हणजे आप्पांचे जेवण. वडिलांची उजवी बाजू गेल्यापासून त्यांचे बोलणे एखाद्या शब्दावर आले आहे आणि बायको त्यांना भरवते. मी समोर स्टुलावर बसून चित्रे काढू लागलो. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "काढून झालं असेल तर तो चंबू इकडे सरकवा." मी पाणी सरकवले आणि पुन्हा पेन्सिल उचलली. तेव्हापासून तिने माझ्याशी बोलणे टाकले.

प्रत्येक चौकटीखाली टीप लिहावी लागते. मी टिपा घरच्या मराठीत, देवनागरीत लिहिल्या. वर्गात तोंडी सांगून भागत होते, आणि बायको मराठी बोलते पण वाचते तमिळ. कोणी वाचणार नाही म्हणून हात सैल सुटला. तिसऱ्या कागदावर नुसते आप्पांचे तोंड होते. त्याखाली मी लिहिले, 'तोंड उघडे. लाळ. जनावरासारखे.'

ही अक्षरे मला आप्पांनीच शिकवली होती. तेव्हा ते आठवले नाही, असे म्हणणे पुरते खरे नाही. आप्पांच्या आत वाचणारे कोणी उरलेले नाही, असे मी धरून चाललो होतो.

कागद त्यांच्या खाटेवर ठेवून मी हात धुवायला गेलो. परत आलो तेव्हा तिसरा कागद त्यांच्या डाव्या हातात होता. बायकोच्या देखत मी तो काढून घेतला. त्यांनी सोडला.

शिक्षकाला तीच चौकट सर्वांत आवडली. काम मिळाल्याचे मी दुसऱ्या दिवशी दुपारी घरी सांगितले. बायकोने सारभात कालवून वाटी माझ्या हातात दिली. "मग आज तुम्हीच भरवा."

मी चमचा पुढे केला. आप्पांनी तोंड घट्ट मिटून घेतले. पुन्हा केला, पुन्हा मिटले. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "काढ."

आणि त्यांनी तोंड उघडले, इतके की जबडा थरथरू लागला. चमचा नेला की मान फिरवत, मागे घेतला की पुन्हा समोर, तसेच उघडे. लाळ हनुवटीवर आली. मी पुसायला गेलो तर डाव्या हाताने माझा हात झटकला. मी माफी मागितली, पण तोंड मिटले नाही.

"काय लिहिलं होतंत त्या कागदावर?" बायकोने विचारले.

मी चमचा पुन्हा वाटीत बुडवला. तिने माझ्या हातातून वाटी-चमचा घेतला. आप्पांनी तोंड मिटले, तिच्याकडे वळून पुन्हा उघडले, नेहमीएवढेच.