रविवारी सामान आत जात नाही

"आज सामान आत जाणार नाही," असं वॉचमन म्हणेपर्यंत टेम्पोवाल्याने मागची फळी पाडून माझी कॉट फूटपाथवर उतरवली होती.

मी पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते. मांडीवर देवांचा डबा, पायांशी पाण्याची कळशी. नव्या जागेत आधी देव आणि पाणी जायचं, मग बाकीचं, म्हणून ही दोन्ही मी कुणाच्या हातात दिली नव्हती. वॉचमनने गेटवरच्या पाटीकडे बोट केलं. मी चौथीपर्यंत शिकले. सावकाश वाचते, पण वाचते. सामानाची ने-आण सोमवार ते शनिवार. रविवारी आणि सणाच्या दिवशी बंद. आणि तो रविवार होता.

एजंटला फोन लावला तर तो गावाला कुठल्यातरी लग्नात होता. मागे बँड वाजत होता. त्याला माझं ऐकू गेलं नाही, मला त्याचं. घरमालक परदेशात, त्याने फोन उचललाच नाही. टेम्पोवाल्याला दुसरं भाडं होतं. त्याने वाद घातला नाही. सगळं खाली उतरवलं, "मावशी, बघा आता तुम्ही," म्हणाला आणि गेला. मुलुंडच्या भर रस्त्यात एका केमिस्टच्या दुकानासमोर माझा संसार मांडलेला. कॉट, लोखंडी कपाट, गाद्यांच्या वळकट्या, गोणीत बांधलेली भांडी, आणि झाकायचा राहिलेला आरसा. येणारा-जाणारा त्यात आपले केस बघून पुढे जात होता.

माझा मुलगा मालाडला राहतो. तो मोटरसायकलवरून टेम्पोच्या मागे आला होता. त्याने हेल्मेट काढलं, सामानाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आई, बस झालं. दुसरा टेम्पो बोलावतो. मालाडला चल."

"संध्याकाळपर्यंत थांब."

"आणि संध्याकाळी पण हे इथेच असलं तर?"

"तर मालाड."

"मग परत हा विषय काढायचा नाही."

"नाही काढणार," मी म्हटलं. बोलून बसले.

मुलगा वाईट नाही. सूनही वाईट नाही. मी एकटी कुठेतरी पडेन आणि दोन दिवस कुणाला कळणार नाही, ही त्याची भीती. भीती खोटी नाही. पण त्याच्या घरात मी हॉलमध्ये सोफ्यावर झोपणार, आणि हॉलमधली माणसं उठून आत जाईपर्यंत मला झोपता येणार नाही. मासळी तळायची तर आधी विचारायचं. माझं सगळं आयुष्य एका खोलीत सहा-सात माणसांत गेलं. मग मुलगा गेला मालाडला, नवरा गेला कायमचा, आणि त्या खोलीत मी एकटी राहिले. ते मला आवडलं. असं बोललं की लोक तोंड वाकडं करतात. पण आवडलं ते आवडलं.

आमची चाळ विक्रोळीला. ती पाडून तिथे टॉवर होतोय. तोवर बिल्डर भाडं देतो आणि ज्याने त्याने आपली सोय बघायची. चाळ रिकामी व्हायला लागली तसा पोरांनी मोबाइलवर ग्रुप काढला. चाळीत तोंडावर भांडणारी माणसं ग्रुपवर एकमेकांना फुलं पाठवायला लागली. पुढे तर नावंसुद्धा गेली. जो जिथे गेला ते त्याचं नाव. बदलापूरवाली, विरारवाला, घाटकोपरवाली, कुर्ल्याचे म्हातारे. मला टाइप करायला वेळ लागतो, म्हणून मी बोलून पाठवते. माझा आवाज मोठा आहे. लोक म्हणतात, काकीचा मेसेज फोन खिशात ठेवून ऐकता येतो.

नव्या जागेत गेला की प्रत्येक जण पहिला फोटो टाकायचा तो संडासाचा. चाळीत मजल्याला एक, सकाळी बादली घेऊन रांग. आता घरात आपला स्वतःचा, पांढऱ्या टाइल्सचा. खाली सगळ्यांचे अंगठे आणि टाळ्या. देवघराचा फोटो दुसऱ्या दिवशी, आठवण झाली तर.

मी अजून जायची होते, म्हणून सल्ले सगळे मला. बदलापूरवाली म्हणे बदलापूरला ये, हवा चांगली. विरारवाला म्हणे विरारला या, मासळी ताजी. पाण्याचं विचारलं की दोघं गप्प. कुणी सांगितलं लोणच्याची बरणी हमालाच्या हातात देऊ नका, कुणी सांगितलं काच जुन्या लुगड्यात गुंडाळा, कुणी सांगितलं तळमजला घेऊ नका, कुणी सांगितलं तळमजलाच घ्या. शेवटी मुलुंडची खोली मी माझी मीच पसंत केली. तिसरा मजला, बाजार जवळ, आणि खिडकीसमोर दुसऱ्याची खिडकी. समोर माणसं दिसली नाहीत तर मला करमत नाही. एकटं राहायचं म्हणजे जंगलात राहायचं असं नव्हे.

जायचं कधी, यावर मात्र ग्रुपवर सगळ्यांचं एकमत झालं. रविवारी. सगळ्यांना सुट्टी, सगळे मदतीला येतील. चाळीत एवढी वर्षं लोक आले, गेले, कपाटं चढली, पलंग उतरले. कुणी कधी वार बघितला नाही, अमावस्या सोडून. सामान आत न्यायला परवानगी लागते हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आधी गेलेल्यांना ही ठेच लागली नाही, कारण कुणाची बिल्डिंग एवढी नवी की तिला अजून वॉचमन नाही, कुणी बैठ्या चाळीत गेलं, कुणी नणंदेच्या घरी.

तर मी फूटपाथवर माझ्याच कॉटवर बसले आणि ग्रुपवर बोलून पाठवलं की वाट लागली आहे, जेवण घेऊन या, कारण गॅस गोणीत आहे.

सगळ्यांच्या आधी बदलापूरवाली आली. ही माझ्या भिंतीपलीकडची. आमची तीस-चाळीस वर्षांची भांडणं आणि तेवढीच मैत्री. तिने सामानाभोवती एक फेरी मारली.

"काय गं, दुकान टाकलंस? आरसा कितीला?"

"तुझं तोंड बघून फुकट देते."

तेवढ्यात सोसायटीचा सेक्रेटरी खाली आला. पन्नाशीचा, हाफ पँटीत, हातात वर्तमानपत्र. आवाज चढवला नाही, बसायला खुर्ची हवी का तेही विचारलं. पण नियम म्हणजे नियम, म्हणाला. मागे एकाने रविवारी दुपारी फर्निचर ठोकलं, लिफ्टचा दरवाजा वाकवला, तेव्हापासून ठराव आहे. उद्या सकाळी या, मी स्वतः उभा राहीन. माझा मुलगा मान हलवत होता, जणू दोघं एकाच घरचे.

मी म्हटलं, "निदान माझे देव आणि पाणी वर ठेवून येऊ दे. दिवसभर रस्त्यावर देव कसे ठेवू?"

"देव न्या ना, आजी. देवाला कोण अडवणार?"

इथे बदलापूरवाली मध्ये पडली. तिच्या घरात देव नाहीत. भिंतीवर बुद्धाचा फोटो आहे, आणि माझ्या सोवळ्या-ओवळ्याची तिने आयुष्यभर टिंगल केली आहे. पण त्या दिवशी माझ्या देवांची वकिली तिनेच घेतली.

"भाऊ, देव नुसते जमिनीवर ठेवायचे का?" ती म्हणाली. "पाट लागतो."

"पाट न्या."

"पाटाला समई लागते. समईला तेल, तेलाला बरणी. ते सगळं त्या गोणीत आहे, गोणी सोडवत बसलो तर तुमच्या गेटवर कचरा होईल."

"गोणी न्या, पण उचलून."

"नैवेद्य दाखवायचा तर शेगडी लागेल, कुकर लागेल. बरं, हिचे देव कोकणातले, त्यांना नुसता डाळभात चालत नाही. मसाल्याचा डबा लागेल. नैवेद्य करणारी म्हातारी, तिला टेकायला गादी लागेल."

वॉचमन तोंड फिरवून हसत होता. सेक्रेटरीने वर्तमानपत्राची घडी केली. तो माझ्या मुलाला म्हणाला, "तुमची मावशी कोर्टात आहे का?" मग आम्हाला सांगितलं, हातात मावेल ते न्या. लिफ्ट नाही, ठोकाठोकी नाही, जिन्यात घासत न्यायचं नाही. आणि आवाज नाही, लोक झोपलेत.

बदलापूरवालीने कपाटाकडे बघून परत तोंड उघडलं. "देवाची वस्त्रं..."

"मावशी, पुरे," सेक्रेटरी म्हणाला.

देव आणि कळशी घेऊन मी एकटी वर गेले. दोन माळे चढून धाप लागली. अशा फेऱ्या मला दहासुद्धा झाल्या नसत्या, आणि बदलापूरवालीचे गुडघे माझ्याहून वाईट. मुलगा एकटा किती वाहणार? आणि त्याला वाहायची घाई नव्हतीच, संध्याकाळची वाट बघत होता. मी जिन्यात बसूनच ग्रुपवर बोलले: जे निघालेत त्यांनी लवकर या, जे निघाले नाहीत त्यांनी निघा, सामान नाही, फक्त हात पाहिजेत.

दुपारपर्यंत फूटपाथवर चाळ उभी राहिली. घाटकोपरवाली नवऱ्याला आणि दोन जावांना घेऊन आली. विरारवाला इतक्या लांबून आला आणि आल्या आल्या ट्रॅफिकबद्दल बोलायला लागला. कुर्ल्याचे म्हातारे रिक्षाने आले, हातात जिलेबीचा पुडा. त्यांचं वय माझ्याहून जास्त. मी म्हटलं, तुम्ही कशाला आलात? म्हणाले, मी उभा राहू शकतो.

आणि उभंच राहायचं होतं. आमच्या चाळीत वरच्या मजल्यावर नळाला पाणी चढायचं नाही. पाणी यायची वेळ झाली की आम्ही बायका जिन्यात पायऱ्या धरून उभ्या राहायचो, आणि हंडे खालून वर हातोहात जायचे. चालायचं कुणी नाही, चालायचे ते हंडे. कुणाला सांगावं लागलं नाही. घाटकोपरवाली पहिल्या पायरीला गेली, तिच्यावर एक जाऊ, वळणावर विरारवाला, कारण वळणावर उंच माणूस लागतो. बदलापूरवाली खाली, गोण्या सोडून कुठली वस्तू आधी जायची ते ठरवणारी. तिथे तिने चाळीतसुद्धा कुणाला उभं राहू दिलं नव्हतं. वर दारात मी.

मग डबे यायला लागले. परात, पातेली, उशा, चादरी, पंखा, सोडवलेल्या कॉटच्या पट्ट्या. बोलणं नाही, नुसतं "धर" आणि "आला". दुसऱ्या मजल्यावर माणूस कमी पडत होता. तिथल्या एका गुजराती बाईने दार उघडलं ते काय चाललंय बघायला. विरारवाल्याने तिच्या हातात माझा कुकर दिला. तिने तो बघितला, वरच्या पायरीवरच्या दुसऱ्या जावेला दिला, आणि मागे वळेपर्यंत हातात मिरचीपुडीची बरणी आली. ती शेवटपर्यंत तिथेच उभी राहिली. मधे तिच्या नवऱ्याने आतून चहा विचारला तर तिने त्याला स्वतः करून घ्यायला सांगितलं.

थोड्या वेळाने माझ्या दाराखालच्या पायरीवरून गादी वर आली आणि तिच्यामागे माझ्या मुलाचं तोंड दिसलं. घामाने भिजलेला. मी विचारलं, तू कधी उभा राहिलास? म्हणाला, म्हातारेबुवांना पाच मिनिटं बसवलं, त्यांच्या जागी आहे. ती पाच मिनिटं संपलीच नाहीत. म्हातारे खाली केमिस्टच्या स्टुलावर बसून जिलेबी खात होते, सेक्रेटरीसुद्धा त्यांच्याबरोबर.

ऊन उतरलं तेव्हा फूटपाथवर एकच वस्तू होती. लोखंडी कपाट. ते हातात मावत नव्हतं, आणि जिन्यात घासल्याशिवाय वळलं नसतं. सेक्रेटरी म्हणाला, उद्या सकाळी लिफ्टने चढवू, आज वॉचमन लक्ष ठेवेल. पण मुलाशी बोली आज संध्याकाळची होती. मुलगा कपाटाशेजारी येऊन उभा राहिला. चाळीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण बदलापूरवालीने सगळ्यांना बोली सांगून ठेवली होती.

मी कपाटाकडे बघितलं. नवऱ्याने गिरणी सुटल्यावर आलेल्या पैशातून घेतलेलं. दार नीट लागत नाही, आतला खण गंजलाय. माझ्या साड्या दोन पिशव्यांत मावतात.

"आज सकाळी तू दुसरा टेम्पो बोलावणार होतास ना?" मी मुलाला म्हटलं.

"हो."

"बोलाव. कपाट जाऊ दे मालाडला."

"आई."

"तुला मालाडला कुणीतरी न्यायचंच होतं. हे ने. हे तुझ्या हॉलमध्ये राहील, मासळी पण मागणार नाही."

आधी बदलापूरवाली हसली, मग सगळे. मुलाने कपाटाचं न लागणारं दार एकदा लावून बघितलं. मग त्याने हेल्मेट कपाटावर ठेवलं आणि फोन काढला. टेम्पो येईपर्यंत तो वर आला, पंखा लावून दिला, बाथरूमच्या दाराची कडी आतून सहज निघते का ते चार वेळा बघितलं. रोज सकाळी फोन करायचा, असं बजावून गेला. मी रोज करते. उशीर झाला तर तो करतो आणि ओरडतो.

दुसऱ्या दिवशी मी संडासाचा फोटो टाकला. खाली बोलून पाठवलं की ज्यांना अजून हलायचं आहे त्यांनी आधी गेटवरची पाटी वाचा आणि मग वार ठरवा. त्यावर भांडुपला जाणाऱ्या एकाने विचारलं, काकी, तिथे पाटीच नसली तर? मी म्हटलं, मग विचार, तोंड दिलंय ना.

त्या रविवारी जिन्यात उभे राहिलेले सगळे अजून आहेत. बदलापूरवालीचे दोन्ही गुडघे बदलले. विरारवाला आता वसईवाला झाला. कुर्ल्याच्या म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही, तरी ग्रुपवर ते सगळ्यांच्या आधी उत्तर देतात. गुजराती बाई दुसऱ्या मजल्यावर. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, एकटी.