गस्ती जहाजाची ताडपत्री

माझ्या वडिलांनी शिवलेली ताडपत्री वाटेत कधी सुटली नाही. भिवंडीत ताडपत्रीवाल्याची पत यावरच ठरते. पडघ्याच्या नाक्यावर चहाला थांबलेल्या ट्रकमधून एक गोणी पळवायची म्हटली, तर चोराला अख्खी सकाळ पुरली नसती. जवळजवळ रिंगा, दर रिंगेला दोरीचा वेढा आणि शेवटी तीन निरगाठी. माल उतरवताना ड्रायव्हर आमच्या नावाने शिव्या घालायचे. बाबांना ती शाबासकी वाटायची.

आमचं दुकान कामतघरच्या रस्त्यावर आहे. लग्न मोडून परत आले तेव्हापासून मी तिथे मशीनवर बसते, त्याला आता सोळा वर्षं झाली. पण दापोड्याच्या गोदामांतून हल्ली निघतात त्या बंद पेटीच्या गाड्या. त्यांना ताडपत्री लागतच नाही. दिवाळीनंतर दुकान बंद करून गाळा कुरिअरवाल्याला द्यायचा, असं बाबांनी एके दिवशी ठरवून टाकलं. मला विचारलं नाही, जेवताना सांगितलं. मी ताटावरून उठले. मला दुसरं काही येत नव्हतं, आणि चाळिशीत गोदामात उभं राहून खोक्यांवर लेबलं चिकटवायची मला हौस नव्हती.

त्याच महिन्यात गोदीत सामान पुरवणारा एक ठेकेदार आला. तटरक्षक दलाचं मोठं गस्ती जहाज दुरुस्तीला लागलं होतं, आणि त्यावरच्या बचाव होडीला नवं कव्हर हवं होतं. त्याचा नेहमीचा शिवणारा गावी गेला होता. बाबा नाही म्हणायच्या आत मी हो म्हटलं.

माप घ्यायला आम्ही दोघं मुंबईच्या गोदीत गेलो. खाडीतल्या होड्या सोडल्या तर बाबांनी जवळून एकही जहाज पाहिलं नव्हतं. हे जहाज पांढरंशुभ्र, पुढे तिरपे पट्टे, मागे हेलिकॉप्टर उतरायची मोकळी जागा. डोक्यावर दिलेलं हेल्मेट सावरत बाबा वर बघत राहिले. बचाव होडी तर एका बाजूला, उंचावर टांगलेली. एका खलाशाने सांगितलं की या जातीची जहाजं खोल समुद्रात कितीतरी दिवस फिरतात, तस्करांवर नजर ठेवतात, अडकलेल्या मच्छीमारांना सोडवतात. बाबांनी त्यातलं तस्कर तेवढं ऐकलं. म्हणजे चोरांचाच मामला. तो त्यांना चांगला कळत होता.

परतताना ते खुशीत होते. जाड कापड, दुहेरी शिवण, हाताहाताच्या अंतराऐवजी वितीवितीवर रिंगा. वारा आला तरी फडफड नको म्हणून दोरी दोनदा फिरवली. शेवटच्या निरगाठी कशा मारायच्या ते खलाशांना दाखवायला आम्ही पुन्हा गेलो, आणि खरं सांगते, त्यातल्या दोन मी मारल्या. मलाही तेव्हा फार ऐट वाटली होती.

एक तरुण अधिकारी आला. त्याने कव्हर ओढून पाहिलं, मान डोलावली आणि दोन खलाशांना म्हणाला, खोला. मग घड्याळाकडे बघत उभा राहिला. खलाशी गाठींशी झटत होते, एकाने दातही लावले. शेवटी दुसऱ्याने चाकू मागितला. अधिकारी हसला नाही, हे त्याचे उपकार.

"अंकल, कवर बहुत मजबूत है," तो बाबांना म्हणाला, "लेकिन हमें चोर से नहीं बचाना है."

मग त्याने सगळं समजावून सांगितलं. समुद्रात माणूस पडलेला दिसला की ही होडी लगेच खाली सोडायची. इथे गाठ सोडवण्यात जितका वेळ जातो, तितका तो माणूस लाटांत लांब जातो. वाऱ्यात कव्हर हलता कामा नये, पण हात लावला की निघालं पाहिजे. जमत असेल तर आठवड्यात परत आणा, नाहीतर ठेकेदार दुसरीकडे बघेल.

बाबांचे कान लाल झाले होते. घरी येताना मी नको ते बोलले. आयुष्यभर एकच गाठ मारत बसलात म्हणून ही वेळ आली, असं म्हणाले. त्यातल्या दोन माझ्या होत्या हे सोयीने विसरले. पुढचे दोन दिवस ते दुकानात आले नाहीत. कव्हर कोपऱ्यात पडून होतं आणि मी त्याच्याकडे पाठ करून बसत होते. ठेकेदाराला फोन करायचा धीर होत नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते आले ते थेट दापोड्याहून. मित्राच्या गोदामात बसायला गेले होते. तिथे हमाल तांदळाची पोती उघडत होते. पोतं कितीही लांब नेलं तरी त्याच्या तोंडाची शिवण सुटत नाही, पण बरोबर टोक सापडलं की एका ओढीत सगळा दोरा हातात येतो. हे आम्ही दोघांनी जन्मभर पाहिलं होतं. बाबांच्या मुठीत तसला दोरा होता.

"गाठ नकोच," ते खाली बसत म्हणाले. "फासात फास घालू."

आम्ही जुन्या दोऱ्या काढून टाकल्या. आता दर रिंगेतून दोरीचा एक फास वर यायचा, त्यात पुढच्या रिंगेचा फास अडकायचा, असं होडीभोवती फिरून शेवटच्या फासाला एकच सुरगाठ. पहिल्यांदा फास सैल पडले, दुसऱ्यांदा एक अडकून बसला. मी चिडले की बाबा शांत आणि ते चिडले की मी, असे चार दिवस गेले. दुकानासमोर उभ्या टेंपोच्या हौद्यावर आम्ही ते बांधत होतो आणि सोडत होतो. येणारेजाणारे विचारायचे, चाचा, ये क्या कर रहे हो?

जहाजावर यावेळी अधिकाऱ्याने एकाच खलाशाला पुढे केलं. आधी त्याने कव्हर चारही बाजूंनी हिसडून पाहिलं. ते हललं नाही. मग त्याने दोरीचं टोक ओढलं. एकामागून एक फास सुटत गेले आणि कव्हर सरसर खाली आलं. अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलंही नाही. बाबांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं ते मला नंतर कळलं.

निघताना ठेकेदार म्हणाला, या जातीची अजून जहाजं आहेत, होड्या सगळ्यांच्या एकाच मापाच्या. एकेक दुरुस्तीला येईल तसं काम येईल. बाबांनी मान डोलावली. गाळ्याचं काय ते बोलले नाहीत आणि मला विचारायची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा ते जमिनीवर बसून जाड पुठ्ठ्यातून कव्हराचा फर्मा, म्हणजे मापाचा साचा, कापत होते. बाबांनी कधी फर्मा केला नव्हता. प्रत्येक ट्रक वेगळा, आणि मापं त्यांना तोंडपाठ. मी म्हटलं, माप तर तुमच्या डोक्यात आहे, मग एवढी खटपट कशाला?

फर्मा कापून झाल्यावर त्यांनी माझ्या हातात खडू दिला आणि त्यावर नाव लिही म्हणाले. मी जहाजाचं नाव लिहायला लागले.

"जहाजाचं न्हाय," बाबा म्हणाले. "तुझं."