डब्यातली बाई आणि मोठ्या मॅडम

टीबीचा पेशंट कुणाकुणाच्या संगतीत होता ते शोधणाऱ्या टीमच्या त्या मोठ्या मॅडम. माझ्या नवऱ्याला टीबी निघाला, तेव्हापासून हूटगळ्ळीला आमच्या घरी येतात. आल्या की खुर्ची सोडून उंबऱ्याबाहेर पायरीवर बसतात, वारं लागतं म्हणून. विचारतात तरी काय, कानडीत "आमेले?", म्हणजे "मग?", एवढंच. आणि मला दिवसाला चार शब्द न देणारा माझा नवरा त्यांना सगळं सांगतो, नोडी, बघा! फॅक्टरीतली एक बाई रोज त्याच्या डब्यात जेवते, ते पण; नाव तेवढं मला ऐकू आलं नाही. माझ्या अंगाची आगच झाली. तो आत गेल्यावर मी विचारलं, "मॅडम, ती कोण हो?"

"ते नाही सांगायचं, अम्मा. तिला पण तुझं नाव नाही सांगणार."

मला रडूच फुटलं. आणि सासू बाळ काढून घेईल म्हणून महिनाभर लपवलेलं त्यांच्यापुढंच बोलून गेले: मला पण खोकला आहे, आणि बाळ अंगावर पितंय.

त्या ओरडल्या नाहीत. "चप्पल घाल. आत्ताच दोघांना तपासू. दूध तोडू नकोस."

चप्पल घालेपर्यंत बाळ त्यांच्याकडे दिलं. माझ्याकडं किंचाळणारं पोर त्यांच्या खांद्यावर मान टाकून गप्प झालं. तसल्या भीतीत पण माझा जीव जळला.