दिव्याचा ट्यूनर

आमच्या घरात एकेकाळी रेडिओच्या सेटला लावायचे दोन ट्यूनर होते, एक देखणा आणि एक ओबडधोबड. देखणा मी कधीच देऊन टाकला. ओबडधोबड अजून माझ्या कपाटावर आहे. झाडलोटीला येणारी बाई दर दिवाळीला विचारते, हे भंगारात टाकायचं का? मी दर दिवाळीला नाही म्हणते. तिला कारण सांगत बसत नाही, इथे सांगते.

माझे यजमान एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते. कंट्रोल रूममधली मीटर सांभाळायची आणि त्यांचे काटे खरं दाखवतायत की नाही ते तपासायचं, हे त्यांचं काम. घरी आले की त्यांचा दुसरा संसार सुरू व्हायचा, हॅम रेडिओचा. सरकारची परीक्षा देऊन परवाना घ्यायचा आणि स्वतःच्या सेटवरून दुसऱ्या परवानेवाल्यांशी बोलायचं, एवढाच तो खेळ. त्यावर धंद्याचं बोलायला मनाई, राजकारणाला मनाई. मग बोलता तरी काय, असं मी नवी नवरी असताना विचारलं होतं. हवा कशी आहे, एरियल कुठलं आहे, माझा आवाज कसा येतोय, असं ते म्हणाले. तेवढ्यासाठी माणूस घरभर तारा पसरतो याचं मला तेव्हा हसू आलं.

सत्तरच्या दशकात त्यांनी व्हॉल्व्हचा सेट स्वतः बांधला. मुंबईच्या जुन्या बाजारातून लष्कराचं मोडकं सामान पोत्यात भरून आणायचे आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर ओतायचे. रोज सकाळी राज्यभरचे काही हॅम ठरलेल्या जागी जमायचे, जागी म्हणजे हवेत. त्यांच्यातला एकजण हजेरी घ्यायचा. प्रत्येकाची खूण, म्हणजे सरकारने दिलेली अक्षरं, पुकारायचा आणि थांबायचा. मग तो माणूस हजेरी लावून दोन वाक्यं बोलायचा. यांची दोन वाक्यं कधी दोन नसायचीच. नांदगावकडचा माणूस, आवाज भरदार, बोलणं रसाळ. मी आतून ओरडायचे की पोळी गार होतेय. आम्हाला मूल नव्हतं. घरात बोलणारे आम्ही दोघंच, आणि त्यातलंही बरंचसं बोलणं त्यांचं.

ऐंशी साल उलटल्यावर त्यांचा घसा बसला तो उठलाच नाही. तंबाखू. मी नको नको म्हणत राहिले आणि ते हसत हसत चुना मळत राहिले, याचा राग मला आजही येतो. मुंबईला ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढलं. श्वास घ्यायला गळ्याला भोक, त्यावर मलमलीचा तुकडा. जीव वाचला, आवाज गेला.

मी शाळेतल्या पोरांची असते तशी एक पाटी आणून दिली. भेटायला येणारी माणसं त्यांच्याशी मोठमोठ्याने बोलायची, जसे काही कानच गेलेत. शेवटी कोणी आलं की ते आधी पाटी पुढे धरायला लागले. तिच्यावर लिहिलेलं असायचं, "मला ऐकू येतं."

ऐकू येत होतं हेच तर दुखणं होतं. रोज सकाळी ते हजेरी ऐकत बसायचे. त्यांची खूण पुकारली जायची, पुकारणारा थांबायचा, मग पुढचं नाव. मी त्या वेळी मुद्दाम भांडी वाजवत राहायचे, कारण ते थांबणं मला सहन व्हायचं नाही.

मग त्यांनी टकटकीने अक्षरं पाठवायचा मोर्स काढला. परीक्षेपुरता शिकलेला, आवड अजिबात नव्हती. तोंड असताना बोटांनी कशाला बोलायचं, असं म्हणायचे. आता बोटंच उरली होती. जुना सेट फक्त बोलण्यासाठी बांधलेला, त्यात ही सोय नव्हती. त्यांचा मुंबईचा एक हॅम मित्र कायमचा परदेशी निघाला होता, त्याने आपला जपानी सेट यांच्या हवाली केला. हलका, सुबक आणि भलता नाजूक. एरियल मनासारखं नसेल तर हा सेट अंग चोरायचा, जोर लावायचाच नाही. क्वार्टरच्या गच्चीवर आमची तार पाण्याच्या टाकीपासून अशोकाच्या झाडापर्यंत, म्हणजे हवी त्याहून बरीच आखूड. तेव्हा सेट आणि तार यांच्या मध्ये बाहेरून ट्यूनर लावणं भाग होतं. ट्यूनर म्हणजे माझ्या भाषेत नरसाळं. डबा रुंद तोंडाचा, बाटली अरुंद तोंडाची, मधलं नरसाळं बरोबर असेल तर सांडत नाही.

हे नरसाळं कुठलं घ्यावं यावर त्यांनी बरेच दिवस घालवले. माझा भाऊ आखातात होता, तो सुट्टीवर येताना आणणार होता. परदेशी मासिकांतली जाहिरातींची पानं अंथरुणावर पसरलेली असायची. स्वतःहून जुळवून घेणारा नको, बिघडला तर नाशकात कोण उघडणार. आतल्या पत्र्यांमधलं अंतर कमी नको, ठिणग्या पडतील. हे सगळं मला पाटीवर लिहून सांगायचे आणि पाटी भरली की पुसून पुढचं. ऑपरेशननंतर त्यांनी कशाबद्दल इतकं बोलावं असं तेच पहिलं होतं, म्हणून मीही न समजता माना डोलवत राहिले.

तेवढ्यात लासलगावचे शेठ भेटायला आले. कांद्याचे व्यापारी, वयाने मोठे आणि सकाळच्या हजेरीतले जुने हॅम. हवेत कांद्याच्या भावाचा एक शब्द काढता येत नाही याचा त्यांना जन्माचा वैताग. ते म्हणाले, माझ्याकडे हाताने बांधलेला एक ट्यूनर जास्तीचा पडलाय, तो घेऊन जा. त्याला मीटर नव्हतं. एरियलकडे जाणाऱ्या तारेशी टॉर्चचा एक बारीक बल्ब जोडलेला. तारेत खरोखर काही गेलं तर तो लागायचा. शेठचं एरियल मार्केट यार्डातल्या त्यांच्या दोन शेडच्या मधोमध, आणि कांद्याच्या उंच भरलेल्या गाड्या ते सारखं तोडायच्या, म्हणून त्यांनी दिवा घातलेला.

यांनी नम्रपणे मान हलवली आणि ते गेल्यावर पाटीवर लिहिलं, "काटा तो काटा." भावाने काट्यांचा ट्यूनर आणला. काळा डबा, दोन चकचकीत मुठी, आणि काचेत एकमेकांना छेदणारे दोन काटे. यांनी मुठी फिरवल्या, काटे बरोबर जागी आले, आणि कितीतरी दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी हजेरीत त्यांची खूण आली. पुकारणारा थांबला. यांनी मोर्सच्या खटक्यावर बोट ठेवून टकटक केली, सगळी नीट. पुकारणारा वाट पाहत होता आणि मग त्याने पुढचं नाव घेतलं.

असं रोज होऊ लागलं. काटे जागच्या जागी, बाकी सगळ्यांचे आवाज स्वच्छ, आणि यांना उत्तर म्हणून नाही. तार तुटली असेल का, असं मी विचारलं. त्यांनी लिहिलं, तुटली असती तर मला त्यांचं ऐकू आलं असतं का? आणि काट्याकडे बोट दाखवलं. आयुष्यभर काट्यांवर नोकरी केलेला माणूस, मी काय बोलणार. मग एकदा त्यांनी लिहिलं, "बोलणाऱ्यांत टकटक कोणाला हवी?" मी ते पुसून टाकलं आणि म्हटलं, काहीतरीच काय.

नंतर एका सकाळी हजेरी घेणाऱ्याने त्यांच्या आधीचं नाव घेतलं आणि थेट त्यांच्या नंतरचं. मला वाटलं, चुकून राहिलं. पण पुढच्या दिवशीही तेच झालं. यांनी सेट बंद केला, त्यावर टॉवेल टाकला आणि भिंतीकडे तोंड करून झोपून राहिले. त्यानंतर त्यांनी पाटीही फारशी हातात घेतली नाही. काही विचारलं तर मान हलवायचे. डॉक्टर म्हणाले होते की जखम भरलीय, तब्येत सुधारेल. मला समोर माणूस विझताना दिसत होता.

माझं डोकं फिरलं. मी कोणाला न सांगता लासलगावची एसटी धरली. यार्डात लिलाव चालू होते, ट्रॅक्टरांची रांग लागलेली, आणि शेठ गोणीवर बसून हिशेब सांगत होते. चारचौघांत मी त्यांना विचारलं की एवढ्या वर्षांच्या ओळखीचा माणूस मुका झाला म्हणून हजेरीतून काढून टाकलात का. रोज टकटक करतो तर एकालाही उत्तर द्यावंसं वाटत नाही?

शेठ उठून उभे राहिले.

"वैनी, भाऊ टकटक करतात?" ते म्हणाले. यांना ते भाऊच म्हणायचे. "आम्हाला तर कायबी येत नाय. नाव घेतलं की नुसती शांतता. रोज ती ऐकायची म्हंजे लय जिवावर यायचं. आम्हाला वाटलं, भाऊंना जमलं नाय, मन बसलं त्यांचं. रोज नाव घेऊन कशाला दुखवायचं, म्हणून मीच सांगितलं, नका घेऊ."

मी तिथेच गोणीवर बसले. इकडे हा माणूस रोज हाका मारत होता आणि तिकडे ती माणसं त्याच्या गप्प राहण्याला जपत होती.

परतीच्या एसटीत मला तो डबा आठवला. सकाळी धूळ पुसताना तो गरम लागायचा. मला वाटायचं, विजेचं यंत्र आहे, तापणारच. घरी गेल्या गेल्या मी यांना उठवलं, शेठ काय म्हणाले ते सांगितलं, आणि विचारलं, "अहो, हा ट्यूनर इतका तापतो का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टॉवेल काढला, सेट लावला, काटे जागी आणले, खटका दाबून धरला आणि दुसरा हात डब्यावर ठेवला. तो हात त्यांनी बराच वेळ काढला नाही. मग पाटी घेतली आणि लिहिलं, "सगळं यातच."

काटे होते सेट आणि ट्यूनर यांच्यातले. सेट खूश आहे एवढंच ते सांगत होते. डब्यात शिरलेली वीज पुढे तारेत गेली की आतच जिरून गेली, हे त्यांना माहीतच नव्हतं. इतकी वर्षं दुसऱ्यांचे काटे तपासणाऱ्या माणसाने आपला काटा काय मोजतो हे विचारलं नव्हतं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. पण डोळे जागे झाले होते, आणि मला तेवढं पुरे होतं.

शेठ दुसऱ्याच दिवशी कांद्याच्या टेम्पोत बसून आले, मांडीवर आपला ओबडधोबड ट्यूनर. तो जोडला. यांनी खटका दाबला, मुठी फिरवल्या. बल्ब काळाच. शेठ धापा टाकत गच्चीवर गेले, मी मागून. घरातून वर आलेली केबल आणि एरियलची तार जिथे जोडली होती तिथे वरून टेप नीट गुंडाळलेला होता. सोडला तर आत वीज केंद्रातली कोळशाची राख बसलेली आणि तांब्याची हिरवी भुकटी. जोड कधीचाच खाऊन गेला होता. जवळून येणारे दणदणीत आवाज उरलेल्या केबलवरही ऐकू यायचे, पण इकडून जाणाऱ्याला वाटच नव्हती. शेठनी खालून डाग द्यायची डागणी मागवली आणि नवा जोड दिला.

आता तार दुरुस्त झाली होती, तेव्हा काट्यांचा ट्यूनरही चालला असता. शेठनी तसं म्हटलंही, आणि आपला उचलायला लागले. यांनी त्यांचा हात धरला आणि काळा डबा स्वतः उचलून खाली जमिनीवर ठेवला.

सकाळी त्यांनी मला शेजारी बसवलं. त्यांचं लक्ष बोटांवर असणार, मी बल्ब बघायचा. हजेरी झाली, यांचं नाव आलं नाही. शेठनी मुद्दाम कोणाला सांगितलं नव्हतं, भाऊ स्वतः येतील म्हणाले होते. हजेरीच्या शेवटी विचारायची रीत असते, कोणी राहिलं का? ते विचारून पुकारणारा थांबला.

यांनी खटक्यावर बोट ठेवलं. बल्ब लागला, विझला, लागला. प्रत्येक टकटकीला तो बारीक दिवा उजळत होता आणि मी "लागतोय, लागतोय" असं म्हणत राहिले, त्यांना ऐकायची गरज नव्हती तरी.

मग सेटमधून पलीकडची टकटक आली. संथ, अडखळत, एखादं अक्षर चुकून पुन्हा दिलेलं. हजेरी घेणाऱ्याने माइक खाली ठेवून परीक्षेनंतर कधी न वापरलेला मोर्स काढला होता. तो थांबला तर दुसरी टकटक, वेगळ्या हाताची. मग तिसरी. रोज बडबड करणारी ती माणसं त्या सकाळी तोंडाने एक शब्द बोलली नाहीत.

मला मोर्स कळत नव्हता. मी यांना विचारलं, काय म्हणतायत? त्यांनी पाटी ओढली. डोळ्यांतलं पाणी गळ्यावरच्या मलमलीत उतरत होतं. खडूने सावकाश लिहिलं, "मी ऐकू येतो."

मग खाली लिहिलं, चहा ठेव, वेळ लागेल. मी आत गेले, स्टोव्ह पेटवला आणि त्याच्या आवाजात मनसोक्त रडून घेतलं.