टाचणीसाहेबांची शिट्टी

माझे भावोजी पोलीस खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. सगळ्या नोकरीत त्यांनी एकही चोर पकडला नाही. बहुतेक वर्षं परवाना शाखेत गेली. लाउडस्पीकर किती वाजता बंद करायचा, सभेला कुठलं मैदान द्यायचं, यावर सह्या करायच्या. कागदाला कागद इतक्या मायेने जोडायचे की खात्यात त्यांना ‘टाचणीसाहेब’ म्हणत. यात वाईट काही नाही. परवाने कुणीतरी द्यायलाच हवेत. पण आपण परवाने देत होतो, एवढं तरी माणसाने निवृत्तीनंतर लक्षात ठेवावं!

भावोजींनी लिहायला घेतलं. एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत त्यांना गुन्हेगारीवर सदर मिळालं. पहिल्याच लेखात ते एका घरफोड्याच्या मागे छपरांवरून धावले. प्रत्यक्षात धावला होता एक हवालदार. भावोजी त्या आठवड्यात कचेरीच्या पायरीवरून घसरून, पाय मुरगळून घरी पडले होते. शेकायला पाणी मी गरम केलं होतं, म्हणून मला माहीत. लेख वाचून त्या हवालदाराने ताईला फोन केला. म्हणाला, “वहिनी, या वयात साहेब फारच जोरात धावले हो!”

ताई हसली नाही. भावोजी हाताने लिहायचे आणि ताई ते टाइप करून द्यायची. छपरांवरचा पाठलाग तिच्याच बोटांखालून गेला होता.

पुढे ते ‘लोकाभिमुख पोलीस’ या विषयातले तज्ज्ञ झाले. दोन पुस्तकं आली, व्याख्यानं सुरू झाली. शेजाऱ्याला ओळखा, साक्षीदाराने निर्भयपणे पुढे यावं, नागरिक हाच बिनवर्दीचा पोलीस, हे सगळं ते छाती फुगवून सांगायचे. शेजारच्या बाईंचं नाव मात्र त्यांना दर वेळी ताईला विचारावं लागायचं.

एकदा त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमधून दोन स्कूटरमधलं पेट्रोल चोरीला गेलं. भावोजींना जन्माचं कार्य सापडलं. त्यांनी दक्षता समिती काढली, सोसायटीच्या सेक्रेटरीला तिचा प्रमुख केलं आणि सगळ्यांना शिट्ट्या वाटल्या. आयुष्यात कुणावर आवाज न चढवलेली माणसं जिन्यात छाती काढून फिरायला लागली. फेरीवाल्यांची झडती झाली. माझ्या पिशवीतही एकाने डोकावून पाहिलं. “सवय लागायला हवी,” भावोजी मला म्हणाले.

त्याच दिवसांत इमारतीची लिफ्ट बंद पडली. भावोजींचा गुडघा दुखायचा आणि घर चौथ्या मजल्यावर. त्यांनी ताईला सांगून लिफ्टच्या कंपनीत तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी दुपारी मेकॅनिक आला. खाली कुणी भेटलं नाही, म्हणून तो हत्यारांची पिशवी घेऊन थेट गच्चीवरच्या मशीनच्या खोलीकडे गेला. वरच्या मजल्यावरच्या एका समितीवाल्याने अनोळखी माणूस आणि हातातला पाना पाहिला आणि शिट्टी फुंकली.

मी तेव्हा ताईकडेच होते. दार उघडून आम्ही दोघी बाहेर येतो तो पाच-सहा जण त्या माणसाला मानगूट धरून खाली आणत होते. ओळखपत्र पिशवीत होतं आणि पिशवी सेक्रेटरीच्या हातात. “अहो, कार्ड बघा, एकदा कार्ड तरी बघा,” तो सांगत होता. भावोजी ताईच्या दारासमोर उभे राहून शिट्टी वाजवत होते.

ताई ओरडली, “अहो, तो लिफ्टवाला आहे! आपणच बोलावलाय!”

भावोजींनी ते ऐकलं. त्यांनी वळून ताईकडे पाहिलं. शिट्टी तोंडातून काढली आणि म्हणाले, “तू आत जा.” मग पुन्हा वाजवायला लागले.

सेक्रेटरीने त्याला जोरात ढकललं. तो जिन्यावरून खाली गेला आणि मनगटावर पडला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

पोलीस आले, कार्ड सापडलं, मेकॅनिकला दवाखान्यात नेलं. एवढं झाल्यावर भावोजी काय करत होते? लेख लिहीत होते. ‘सजग नागरिकांनी संशयित कसा पकडला’. ताईने कागद हातात घेतला, वाचला आणि परत टेबलावर ठेवला.

“हे मी टाइप करणार नाही.”

“अगं, तो निर्दोष होता हे नंतर कळलं. त्या क्षणी तो संशयितच होता.”

“त्या क्षणी मी सांगत होते.”

भावोजींनी तो लेख बाहेरून टाइप करून घेतला आणि रविवारी तो छापूनही आला.

सोमवारी सकाळी ताई चपला घालून मला म्हणाली, “चल, जबाब द्यायचाय.” भावोजी दारात आडवे उभे राहिले. “घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणू नकोस. माझं नाव जाईल.”

“साक्षीदाराने पुढे यावं, असं मी किती वेळा टाइप केलंय, माहितीये?” ताई म्हणाली. “सरका.”

ते सरकले. त्यात मोठेपणा काही नव्हता. समोरच्या घराचं दार उघडलं होतं.

ठाण्यात एक तरुण फौजदार बाई होत्या. भावोजींचं नाव ऐकून त्या खुर्चीत ताठ बसल्या. “साहेबांचे लेख आम्ही आवर्जून वाचतो.”

“मीही वाचायचे,” ताई म्हणाली. “आता लिहा. शिट्टी माझे यजमान वाजवत होते.”

भावोजींनाही बोलावणं आलं. बाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत ताटकळत बसावं लागलं, याचाच त्यांना जास्त राग आला. जबाबात त्यांनी सांगितलं की ते घरात लिहीत बसले होते, बाहेर काय चाललंय याची त्यांना कल्पनाच नव्हती. सगळं आपल्यावर शेकतंय म्हटल्यावर सेक्रेटरीने मुकाट्याने आपला मोबाइल काढला. कुणीतरी केलेलं शूटिंग त्यात होतं. भावोजी, शिट्टी आणि “तू आत जा”, सगळं स्वच्छ.

सेक्रेटरीवर आणि समितीतल्या आणखी दोघांवर गुन्हा दाखल झाला. भावोजींवर खोटा जबाब दिल्याचा ठपका आला. सदर बंद झालं, व्याख्यानांची आमंत्रणं आटली. तेवढ्यावरून त्यांचं काही अडलं म्हणाल, तर नाही. एका खासगी सुरक्षा कंपनीने त्यांना सल्लागार नेमलं. अशा माणसांना खुर्ची रिकामीच ठेवलेली असते.

ताई आणि मी मेकॅनिकच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं घर, बायको दारातच उभी, आत या म्हणेना. तो मात्र उठून बसला.

“तुम्ही ओरडत होता ना?” तो म्हणाला. “तेवढं ऐकू आलं मला.”

ताई तिथे रडली. बायकोने मग पाणी आणून दिलं.

त्याचं मनगट पुरतं फिरत नाही. पाना धरता येत नाही, म्हणून लिफ्टच्या कंपनीने त्याला तक्रारींच्या फोनवर बसवलं. त्याला ते काम आवडत नाही, असं तो ताईला सांगतो. ताई अधूनमधून त्याच्याकडे जाते. भावोजींशी ती कामापुरतं बोलते आणि टाइपरायटरवर झाकण आहे.

परवा माझ्या मुलीच्या घरी सगळे जेवायला जमलो होतो. कुणीतरी भीतभीत त्या मेकॅनिकची चौकशी केली. भावोजी हात पुसत म्हणाले, “अरे, बरं चाललंय त्याचं. बसून करायचं काम मिळवून दिलं ना मी त्याला.”

ताईने ताट उचललं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. भावोजींनी आणखी थोडा भात मागितला.