जावेच्या पोरीचं रग्बी

रग्बी हा शब्द आमच्या अंगणात मी आणला. हे आधीच सांगते, कारण पुढं सगळे ते विसरून गेले.

कळंबच्या एका शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर आमच्या मैदानावर एक तरुण मुलगी आली. माकणीकडची, पुण्याला शिकून परतलेली. कुठल्याशा संस्थेनं तिला गावोगावच्या लेकरांना रग्बी शिकवायला पाठवलं होतं. फी नाही, बूट हवेतच असं नाही, फक्त रोज सकाळी वेळेवर यायचं. तिच्या जाळीच्या पिशवीत पपईसारखे लांबट चेंडू होते. आम्हा शिक्षकांना व्हरांड्यात उभं करून तिनं खेळ समजावला. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोन फिती. चेंडू घेऊन पुढं पळायचं आणि रेषेपलीकडं तो टेकवायचा, पण दुसऱ्याकडं टाकायचा तो मागच्या बाजूलाच. समोरच्यानं फीत ओढली की थांबायचं. लहान मुलांच्या खेळात कुणी कुणाला पाडायचं नाही.

आमच्यातले एक गुरुजी म्हणाले, "म्हणजे कबड्डीचं आन् खो-खोचं लगीन लावलं म्हणा की." सगळे हसले. मी मात्र तेवढ्या वेळात माझ्या मुलीच्या कमरेला मनातल्या मनात पट्टा बांधूनही टाकला होता.

मुलगी माझी एकुलती एक. तेव्हा पाचवीत जाणार होती. अक्षर सुरेख, पाढे पाठ, पण मैदानावर तिला पाय फुटत नसत. मला लहानपणी कुणी मैदानावर जाऊच दिलं नव्हतं. निदान पोरीनं जावं, आणि जगापेक्षा वेगळं काहीतरी करावं, असं माझ्या डोक्यात होतं. रात्री जेवताना मी विषय काढला तर ती म्हणाली, "एकटी न्हाय जायची मी. दीदी आली तर जाते."

दीदी म्हणजे माझ्या थोरल्या जावेची मुलगी, तिच्याहून दोनेक वर्षांनी मोठी. आमचं अंगण एक आणि चुली दोन. जावेला मी आक्का म्हणते. आक्काच्या दावणीला दोन म्हशी. सकाळचं पाणी भरणं आणि गोठा झाडणं पुतणीकडं असायचं. दुसऱ्या दिवशी मी आक्काकडं गेले तेव्हा ती म्हशीपुढं कडबा टाकत होती.

"आक्का, पोरीला सकाळी घंटाभर लावून द्या की माझ्या पोरीसंगं."

"कशाला?"

"खेळ शिकवायला मॅडम आल्यात. रग्बी."

"त्ये काय असतंय?"

मी सांगितलं. कडबा हातातच धरून तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "पोरीच्या जातीनं चेंडू काखंत धरून पळायचं आन् लोकांनी कमरंच्या चिंध्या वढायच्या? तुझं तर बाई एकेक नवीनच असतंय. आन् माझा गोठा कोण झाडणार?"

"मी झाडते."

आक्कानं माझ्याकडं वरून खालपर्यंत बघितलं. मास्तरीण आणि गोठा, तिला खरं वाटेना. पण तिनं नाही म्हटलं नाही.

तर असं दोघींचं रग्बी सुरू झालं. त्या दोघी हातात हात घालून मैदानाकडं जायच्या आणि मी पदर खोचून आक्काचा गोठा झाडायचे. पहिले काही दिवस मला मोठंच समाधान होतं. शेण उचलतानासुद्धा मी माझ्या मुलीला पळताना बघत होते.

मग एका सकाळी मी सगळं लवकर उरकून मैदानावर गेले. माझी मुलगी कडेला एका मैत्रिणीशी बोलत उभी होती. तिच्या पट्ट्याच्या दोन्ही फिती जागच्या जागी होत्या, कारण ओढायला तिच्याजवळ कुणी आलंच नव्हतं. मैदानाच्या मध्यभागी पुतणी होती. अनवाणी, वेणी पाठीत खोचलेली. तो लांबट चेंडू जमिनीवर आपटला की कुठं उडेल याचा नेम नसतो. बाकीची पोरं जिथं पडला तिथं धावत होती. ही जिथं उडणार तिथं आधीच पोचत होती. चेंडू काखेत घेतला, एका मुलाला डावीकडून हूल दिली, दुसऱ्याचा हात फितीपर्यंत यायच्या आत कंबर वळवली, आणि रेषेपलीकडं जाऊन दोन्ही हातांनी चेंडू असा टेकवला की जणू झोपलेलं लेकरू खाली ठेवतेय.

मॅडम माझ्याजवळ आल्या. "तुमच्या घरातली मुलगी कमाल आहे हं," त्या म्हणाल्या.

"कोणती?" मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

"मोठी."

 घरी येईपर्यंत मी स्वतःची समजूत घालत होते. ती दोन वर्षांनी मोठी आहे. म्हशीमागं पळून पायांना सवय आहे. पाण्याच्या कळश्या वाहून दंडात बळ आलंय. यात तिचं काय मोठंसं? दुसऱ्या सकाळी गोठा झाडताना मात्र खराटा माझ्या हातात जड झाला. माझ्या मनात आलं, हिचं काम मी करतेय म्हणून ही तिकडं पळतेय.

मी मुलीसाठी बूट आणले. सकाळी भिजवलेले बदाम सुरू केले. आक्काकडं जाऊन रोजचं दूध वाढवून मागितलं.

"एवढं दूध कुणाला गं?" आक्कानं विचारलं.

"पोरीला. पळायचं म्हणजे अंगात ताकद नको का?"

"माझी तर कोरा चहा पिऊन जाती," आक्का म्हणाली. टोमणा नव्हता तो, तिनं आपलं जे होतं ते सांगितलं. मला मात्र ते दिवसभर टोचत राहिलं. ते दूध माझ्या मुलीनं बहुतेक मांजराला घातलं. तिला दूध कधीच आवडलं नाही.

एकदा मी तिला विचारलंच. "तू दीदीसारखी का पळत नाहीस?"

तिचे डोळे चमकले. "आई, दीदी लई भारी पळती! काल तर मोठ्या पोरांना पण घावली न्हाय. मॅडम म्हणल्या, हिला फीत नाही, शेपूट लावा." आणि ती पोट धरून हसत सुटली. तिला दुःख नव्हतं, हेवा नव्हता, काहीच नव्हतं. तिच्या वाट्याचं जळणंही मीच करत होते.

पावसाळा सरला आणि पुण्याला होणाऱ्या स्पर्धेसाठी मुलींचा संघ निवडला. पुतणीचं नाव आलं. माझ्या मुलीचं येणार नव्हतंच, तरी मॅडम नावं वाचत असताना मी शेवटच्या नावापर्यंत कान टवकारून उभी होते.

बातमी गावात फिरली. आठवडी बाजारात बाया आक्काला थांबवून विचारू लागल्या. भाजी घेताना मी शेजारीच होते. "पोरगी पुण्याला चालली म्हणं?" एकीनं विचारलं. आक्का वांगी निवडत म्हणाली, "आमच्या माहेरचं रगातच तसलं हाय. माझा भाऊ कुस्त्या करायचा." मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. कमरेच्या चिंध्या म्हणणारी हीच. आता हिला माहेर आठवलं, भाऊ आठवला. शेजारी उभी असलेली जाऊ आठवली नाही. मी कोथिंबिरीची जुडी एवढी दाबली की भाजीवाली म्हणाली, "बाई, घ्यायची का कुटायची?"

मुलींबरोबर घरच्या एक-दोन बायका याव्यात असं मॅडमचं म्हणणं होतं. आक्का तयार होईना. बार्शीच्या पुढं ती दिरा-नवऱ्याशिवाय कधी गेली नव्हती, आणि त्यात एक म्हैस व्यायला आली होती. "तूच जा," ती मला म्हणाली. "तुला चार लोकांत बोलता येतंय. म्या तिथं जाऊन काय करू?"

मी सबब शोधत होते, पण माझीच मुलगी मधे बोलली. "जा की आई. मला येऊन सगळं सांग."

मी गेले. सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. मुली सगळ्या वाटेनं गात होत्या, मी खिडकीतून ऊस बघत होते.

पुण्यातलं मैदान हिरवंगार होतं. आमच्या मुली आधी बूट काढून नुसत्या गवतावरून चालून आल्या. सामना सुरू झाला तेव्हा मी कडेच्या पायऱ्यांवर बसले होते. शेजारी दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातून आलेली एक बाई होती. तिची मुलगी पुढच्या सामन्यात होती. पुतणीनं पहिलाच चेंडू घेतला आणि ती सुटली. मी ठरवून गप्प बसणार होते. पण ती रेषेजवळ पोचली तेव्हा मी उभी राहून ओरडत होते, पदर कुठं, पर्स कुठं, काही भान नव्हतं.

"ती लांब वेणीवाली तुमची का हो?" त्या बाईनं विचारलं.

"हो," मी म्हणाले.

विचार करून म्हणाले नाही, पण म्हटल्यावर परतही घेतलं नाही.

"काय पळते! काय खाऊ घालता?"

"दूध. घरच्याच म्हशी आहेत."

बाईनं कौतुकानं मान डोलावली. मागच्या पायरीवरच्या दोघींनी वाकून माझ्याकडं बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते कौतुक माझ्याकडं येत होतं, आणि ते इतकं गोड लागलं की मी अजून थोडं बोलले. लहानपणापासूनच चपळ आहे, म्हणाले. अभ्यासातही बरी आहे, म्हणाले.

तेवढ्यात पुतणी पडली. गुडघा खरचटला. मॅडमनी तिला जरा बाहेर बसायला सांगितलं, तर ती थेट माझ्याकडं आली. "काकू, पाणी द्या."

शेजारची बाई माझ्याकडं बघू लागली.

"एकत्र घर आहे ना," मी म्हणाले, "बाकीच्या लेकरांचं ऐकून हीही मला काकूच म्हणते."

"आमच्याकडं तेच!" बाई खुलली. "माझे मिस्टर जन्मभर आईला वहिनी म्हणायचे."

पुतणी बाटली तोंडाला लावून पाणी पीत होती. पिता पिता तिची नजर माझ्यावर थांबली. तिनं तोंड पुसलं, बाटली माझ्या हातात दिली आणि लंगडत मैदानात गेली. पुढचा अर्धा सामना मी ओरडले नाही. आमच्या मुली हरल्या. समोरचा संघ फारच तयारीचा होता. पण पुतणीचं नाव लिहून घ्यायला दोन प्रशिक्षक येऊन गेले.

परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली. टेंभुर्णी गेल्यावर हळूच म्हणाली, "काकू, त्या बाईला तुम्ही माझी आई वाटलात का?"

"वाटले असेन."

"आईला नका सांगू. तिला वाईट वाटंल."

मला वाटलं होतं, ती रागावली असेल किंवा मनात हसली असेल. तिला आठवली ती आक्का. क्षणभर का होईना, जे मी आपलं म्हणून मिरवलं होतं, तेही शेवटी आक्काचंच निघालं.

घरी पोचलो तर आक्का अंगणात वाटच बघत होती. पोरीला ओवाळलं, गुडघ्याला हळद लावली, जेवू घालून झोपवलं. मग माझ्याकडं आली आणि उंबऱ्यावर बसली. "सांग," म्हणाली.

मी थोडक्यात सांगितलं. तिचं समाधान होईना.

"पळती कशी ती? म्हंजी, खाली बघून पळती का म्होरं बघून?"

"पुढं."

"पडली तवा रडली का?"

"नाही."

"मग काय म्हणली?"

"पाणी मागितलं."

"कुणाला?"

"मला."

आक्का लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. मग एकदम फणकाऱ्यानं म्हणाली, "नऊ म्हैने पोटात म्या वागवली, आन् पळताना बघितली तू. म्या अजून एकदा न्हाय बघितली."

 एवढे महिने मी एकटीच जळतेय असं मला वाटत होतं. आक्काच्या आवाजात तीच आच होती, आणि ती माझ्यामुळं होती. मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मी उठले, उशी काखेत धरली आणि तिला अंगणात दाखवलं, पोरगी कशी वळली, कशी हूल दिली, चेंडू कसा टेकवला. आक्का "पुन्हा दाखव" म्हणाली, तसं पुन्हा दाखवलं. पायऱ्यांवरच्या त्या बाईचं तेवढं गाळलं.

आता माझ्या मुलीनं रग्बी सोडलंय. ती पेटी शिकते, तिच्या मनानं. पुतणी मोठ्या गटात खेळते, तिथं फिती नसतात, खरंखुरं पाडतात. यंदाच्या हिवाळ्यात धाराशिवला सामना होता. मी रजा टाकायच्या बेतात होते, तर आक्का म्हणाली, "या खेपंला मी जाणार." एकटी एसटीनं गेली. संध्याकाळी आली ती घसा बसवून.

"दोन गोल केले तिनं!" बसल्या आवाजात ती सांगू लागली. "एकीनं पायाला मिठी मारली, तरी ही वढीतच निघाली."

"गोल नाही आक्का, रेषेपलीकडं चेंडू टेकवला की त्याला ट्राय म्हणतात. आणि पुढच्या बाजूला पास दिला नव्हता ना कुणी? तो चालत नाही."

"तू व्हतीस का तिथं?" आक्का म्हणाली. "न्हाय ना? मग ऐक की गप."

माझी मुलगी तिच्याजवळ सरकून बसली आणि म्हणाली, "मोठी आई, पहिल्यापास्नं सांग." आक्कानं घोटभर पाणी पिऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी दाराला टेकून ऐकत राहिले. तिच्या सांगण्यात चुका फार होत्या, पण मी एकही दुरुस्त केली नाही.