लेकरांसाठी गळाच्या काठ्या

"चार काठ्या कामून? आपले लेकरं तर तीनच हायेत."

आत्या हे मला म्हणाली नव्हती. ती आत वहिनीशी बोलत होती. मी खिडकीखाली अंगणात बसून बांबूची पेरं चाकूने तासत होते. मी चाकू थांबवला नाही.

चौथी काठी मागच्या गल्लीतल्या मुलीची होती. तिचे वडील आणि माझा दादा चिकलठाण्याला एकाच कंपनीत, एकाच पाळीला होते. रोज सायकलींवर बरोबर निघायचे. विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटला आणि ते वेगवेगळे निघू लागले. ते घर बौद्धांचं, आमचं शेतीवाल्या मराठ्यांचं. दोघांत भांडण असं झालंच नाही. गारखेड्यातल्या आमच्या वसाहतीच्या भिंतीवर कुणीतरी घोषणा लिहायचं, दुसरं कुणी तिच्यावर चुना फासायचं, आणि माणसं तिकडे न बघता कामाला जायची. ती मुलगी मात्र दादाच्या मुलांशी खेळायला येत राहिली. मग तीही यायची थांबली.

त्याआधीच मी चौघांनाही कबूल केलं होतं, की सुट्टीत मासे धरायला शिकवीन. मला वडिलांनी गावच्या नाल्यावर शिकवलं होतं. शाळेत इंग्रजी शिकवत असले तरी घरात मी फारशी बोलत नसे. "हिचं तोंड फक्त इंग्रजीत उघडतं," असं दादा पाहुण्यांसमोर म्हणायचा. पण दिलेला शब्द मला पाळायचा होता.

आमच्या शाळेच्या वाचनालयातल्या पुस्तकात गोऱ्या मुलांच्या हातात दोरा गुंडाळायची चाकं लावलेल्या चकचकीत काठ्या असायच्या. आमच्या मुलांना त्या काय कामाच्या? दोरा गुंतला की चाकाशी झटापट, आणि मासा राहिला बाजूला. लहान हाताला साधी, हलकी काठी बरी. पोराच्या उंचीहून हातभर जास्त, त्याहून लांब नको, नाहीतर शेजारच्याच्या डोळ्यात जाते. शहागंजातल्या दुकानदाराने आधी मरळ मासा धरायचे मोठे गळ पुढे केले. मी मान हलवली. माझ्यामागे उभी असलेली पोरं बघून तो हसला, "बच्चों के वास्ते होना क्या? फिर ये बारीक वाले लेव, बाजी." मी बारीक गळ आणि पातळ तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, घेतला. घरी येऊन प्रत्येक गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केला. मासा निसटला तर निसटू दे. बोटात रुतला तर गळ सहज निघायला हवा. गळ बुडावा म्हणून ओझ्याला दादाने कंपनीतल्या भंगारातले छोटे नट आणून दिले. ते कुणासाठी, किती, हे त्याने विचारलं नाही.

दोऱ्यावर तरंगायला ज्वारीच्या धांड्याचं भेंड, म्हणजे ताटातला हलका गर, लागतं. ते सोलण्यात आत्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. अजिंठ्याकडून येताना ती धांडे घेऊनच आली होती. तिने तीन भेंडं कापली, गुळगुळीत, एकसारखी, आणि विळी धुऊन ठेवली. चौथं मी कापलं. वाकडं झालं. दुसरं कापलं, तेही वाकडंच. तिसरं जमलं. आदल्या संध्याकाळी मी मुलांकडून तिच्या घरी निरोप धाडला.

निघायच्या सकाळी मी गळाला लावायचं कणकेचं पीठ काढत होते. तेव्हा आत्या मलाच म्हणाली, "त्या पोरीला तिच्या घरून पीठ आणाया सांग. येका वाटीत समद्यांचे हात नको. जग काय म्हणंल?"

मी पीठ कोरडंच डब्यात भरलं, झाकण लावलं आणि काठ्या खांद्यावर घेतल्या. धाकटा पाण्यात जाईल या भीतीने आत्याही चपला घालून मागे आली. डोंगराकडच्या पाझर तलावाची वाट सरळ होती. मी मुलांना घेऊन मागच्या गल्लीत वळले.

मुलगी उंबऱ्यात उभी होती. वेण्या घातलेल्या, पायात शाळेचे बूट. तिची आई दोरीवर धुणं घालत होती. तिने काठ्या पाहिल्या, मग माझ्यामागे उभ्या आत्याकडे पाहिलं.

"ताई, तुम्ही न्यायला आल्या, बरं वाटलं," ती म्हणाली. "रातीपासून नाचतीय ती. पर तिथं नेऊन कुणी तिला बाजूला बसवलं, तर म्या पुन्हा तुमच्या दारात धाडणार नाय. आत्ताच सांगा. लेकराला आशा लावून कामून तोडायची?"

आत्याने पदर सारखा केला. मुलगी आईकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी पिठाचा डबा मुलीच्या हातात दिला.

"पीठ अजून भिजवलेलं नाही," मी तिच्या आईला म्हणाले. "तलावावर गेल्यावर तुमची लेक मळेल, आणि आमची तिन्ही मुलं तेच गळाला लावतील. आत्या, तुला यायचं असेल तर चल."